जॅममधला मानपान : काही पार्श्वभूमी

ब्लूज जॅम म्हणजे ज्याला हवं त्याने नाव नोंदवून मंचावर चढायचं आणि तालमीशिवाय इतरांबरोबर ब्लूज वाजवायचा. गोव्यात हणजूण, आसगाव किंवा पणजीतल्या अशा जॅममध्ये हंगामाला एक तरी भांडण ठरलेलं. कुणाचा सोलो, म्हणजे एकट्याने पुढे होऊन वाजवायची पाळी, संपतच नाही. कुणी दुसऱ्याच्या गाण्यात आपल्या अँपचा आवाज हळूहळू चढवत नेतो. कुणी यादीत नाव लिहून दोन तास बसतो आणि तिरमिरीत गिटार पेटीत घालून निघून जातो. दुसऱ्या दिवशी 'काय तो अहंकार' असं म्हटलं जातं आणि विषय मिटतो. अहंकार असतोच, तो भजनाच्या फडातही असतो. पण जॅमचे रिवाज कुठून आले हे पाहिलं, तर त्यातली निम्मी भांडणं वेगळी दिसतात.

जॅम मुळात श्रोत्यांसाठी नव्हतं. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पगाराचं काम उरकलं की वादक पहाटेपर्यंत एकमेकांसाठी वाजवत. नियम कुणी सांगत नसे, शिक्षा मात्र रोख मिळे. १९३६च्या सुमारास सोळाच्या आसपासचा एक सॅक्सोफोनवाला असाच चढला आणि वाजवताना वाट चुकला. ड्रमवाल्याने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. पुढे त्याच मुलाने, म्हणजे चार्ली पार्करने, जॅझचं व्याकरण बदललं, म्हणून ही गोष्ट अजून सांगितली जाते. ज्यांच्या पायाशी झांज पडली आणि जे पुन्हा आलेच नाहीत, त्यांची कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स या क्लबमध्ये, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, कच्च्या वादकांना उतरवायला मुद्दाम अवघड पट्टी आणि जीवघेणी लय निवडत.

शिकागोच्या ब्लूज क्लबांत हेच पोटापाण्यावर आलं. दुसऱ्याच्या बँडमध्ये 'दोन गाणी वाजवू का' म्हणून चढायचं, लोकांना असं काही ऐकवायचं की क्लबवाल्याने मूळ बँडला नारळ द्यावा. चाळीसच्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका टोळक्याला 'हेडहंटर्स' (मुंडकी छाटणारे) असंच टोपणनाव पडलं होतं. आज आपण 'चढण्याआधी हाऊस बँडला, म्हणजे जागेच्या ठरलेल्या बँडला, विचारा' हे नवख्याला सभ्यतेचा पहिला धडा म्हणून शिकवतो. मुळात ती विचारणा म्हणजे दुसऱ्याच्या नोकरीच्या दारात उभं राहून घातलेली हाक होती.

आणखी एक धागा इथे लोंबकळतो. त्या काळी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने सभासदांना जॅममध्ये फुकट वाजवायला बंदी केली होती आणि मोडणाऱ्याला दंड होई. मिंटन्सचा मालक स्वतः त्याच संघटनेचा माजी पदाधिकारी, म्हणून तिथे डोळेझाक होई. फुकट वाजवणाऱ्यांच्या जिवावर बार चालतो, ही तक्रार किनाऱ्यावरच्या शॅकांत जन्मलेली नाही.

आता शब्दाकडे. गुंता खरा इथे आहे आणि मला वाटतं तो कुणी सोडवू पाहिलेला नाही.

'जॅम सेशन' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या दारांनी आला. मुंबई-कोलकात्यात साठ-सत्तरच्या दशकांत जॅम सेशन म्हणजे रविवारी दिवसाउजेडी, रेस्तराँत, कॉलेजच्या पोरापोरींनी बँडवर नाचायचा कार्यक्रम. वाजवणारा बँड ठरलेला, गाणी बसवलेली. उत्स्फूर्त असलं तर एखादं प्रेमप्रकरण. त्या बँडांत गोव्याचे वादक भरपूर असत. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या पिढीला जॅम म्हटलं की अजूनही स्वच्छ इस्त्रीचा शर्ट आणि पूर्ण बसवलेलं गाणं आठवतं. दुसऱ्या दाराने आले ते परदेशी हिप्पी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूणच्या वाळूवर ज्याला जसं सुचेल तसं वाजवलं जायचं, सकाळ होईपर्यंत. एकच शब्द, पण एकात सगळं आधी ठरलेलं आणि दुसऱ्यात काहीच नाही.

यात भर घातली मराठीने. जॅमला प्रतिशब्द हवा म्हणून निवेदक आणि पत्रकार 'जुगलबंदी' वापरू लागले, अजूनही वापरतात. जुगलबंदी म्हणजे दोघे तोलामोलाचे, राग ठरलेला, ताल ठरलेला, आणि एकाने टाकलेल्या तुकड्याला दुसऱ्याने सवाई उत्तर द्यायचं. राजकारणातल्या दोन नेत्यांच्या शब्दबाणांनाही मराठीत जुगलबंदीच म्हणतात, त्यावरून शब्दाचा कल कळतो. जॅममध्ये मंचावर सात जण असतात, तोलामोलाचे क्वचितच, आणि गायिका ओळ म्हणत असताना तिच्या ओळीला गिटारने सवाई उत्तर देणं हाच तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. तिने श्वास घेतला की उरलेल्या दोन मापांत (एक माप म्हणजे चार मात्रा) बोलायचं, एवढीच मुभा. फोंड्याकडचा, तबलासाथ ऐकत वाढलेला मुलगा जुगलबंदीचं पोस्टर वाचून येतो आणि प्रामाणिकपणे लढायला उतरतो. त्याला नंतर उर्मट म्हणणं मला पटत नाही. त्याला बोलावलंच लढाईला होतं. मी स्वतः एका पोस्टरवर हा शब्द छापू नका म्हणून आयोजकांशी वाद घातला. उत्तर मिळालं, 'बाब, जॅम लिहिलं तर लोक ट्रॅफिक समजतील.'

खरं तर योग्य नमुना शोधायला लांब जायची गरज नव्हती. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन तुटू द्यायचं नसतं. एक पथक उठायच्या बेतात असतं तेव्हा दुसरं येऊन बसलेलं असतं, आणि अभंग कुणाचा रंगला यापेक्षा टाळ थांबला नाही याला महत्त्व. नाव सप्ताह, मुदत एक दिवस. शब्दांचे गुंते आपल्याला नवे नाहीत. जॅमचा रिवाज जुगलबंदीपेक्षा या पाळीच्या बराच जवळचा आहे.

चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज काळात आलेली स्वरलेखन वाचायची शिस्त ही जुगलबंदी आणि भजनानंतर गोव्याच्या वादनाची तिसरी परंपरा. हॉटेलांचे बँड आणि मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद तिच्यावर चालले. तिच्यात वादक समोरचा कागद वाचतो, शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं कारण नसतं. जॅममध्ये सगळं बघण्यावर असतं. डोक्यावर हात ठेवला की मूळ चालीवर या, मूठ वर गेली की संपवा, चार बोटं दाखवली की चार-चार मापं वाटून घ्या. मान खाली घालून वाजवणाऱ्याला या खुणा दिसत नाहीत आणि मग त्याचा सोलो पाचव्या आवर्तनात जातो.

सगळ्यात जास्त बदल मात्र घड्याळाने केला. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत ध्वनिमुद्रित इलेक्ट्रॉनिक संगीत आलं आणि हाताने वाजवणारे हळूहळू रेस्तराँच्या अंगणात सरकले. २०००मध्ये ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम आले, २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावले : उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहांना सूट आणि सणा-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. झोपणाऱ्या शेजाऱ्याची बाजू बरोबरच आहे. पण पहाटेपर्यंत चालायच्या बेताने घडलेला प्रकार अडीच तासांत कोंबला गेला.

हिशेब करून पाहा. संथ ब्लूजचं बारा मापांचं एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. मिनिटाला साठची लय धरली तर अठ्ठेचाळीस सेकंद. मंचावर आठ जण आणि प्रत्येकाने दोन आवर्तनं घेतली, तर नुसते सोलोच तेरा मिनिटं खातात, गाणं वेगळं. साडेसातला सुरू करून दहाला वीज काढायची म्हणजे अशी जेमतेम नऊ-दहा गाणी. त्यातली पहिली तीन हाऊस बँडची. इथून 'प्रत्येकाला दोन गाणी' आणि भिंतीवर यादी हे दोन नियम आले, आणि वाद पेटला तो यादीवर.

क्रमाने यादी म्हणजे न्याय, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते की मंचावर कुणाबरोबर कोण हे कानाने जुळवावं लागतं, यादीने चार गिटारवाले आणि एकही बासवाला नाही अशी टोळी चढते. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, आणि दोन माउथ ऑर्गनवाले एकाच वेळी एकमेकांना अडवतानाही. तरी मी यादीच्याच बाजूचा आहे. 'कानाने जुळवतो' म्हणणाऱ्याच्या कानाला त्याचे मित्रच आधी ऐकू येतात. जुन्या काळी निवड क्रूर होती पण ती वाजवण्यावर होती. हल्ली वाईट वाजवल्याबद्दल झांज कुणी फेकत नाही, टाळ्याच पडतात, कारण तो दहा मित्र घेऊन आलेला असतो आणि त्यांनी बिअर मागवलेली असते.

उरला पट्टीचा प्रश्न, जो गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त टोचतो. इथे लग्नाच्या आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) बँडांमुळे फुंकवाद्यं वाजवणारे गावोगावी आहेत. गिटारवाल्याला ब्लूज पांढरी तीन ('ई') किंवा पांढरी सहामध्ये ('ए') हवा, तिथे त्याच्या तारा मोकळ्या वाजतात. पांढरी तीन घेतली की आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या बोटांखाली सात शार्प (अर्ध्या स्वराने चढवलेले, बोटांना अवघड स्वर) येतात, ट्रम्पेटवाल्याच्या सहा. काळी पाच घेतली तर पहिल्याला एक आणि दुसऱ्याला शून्य. गिटारवाल्याने पहिल्या घरावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर पांढरी सहाचे तेच आकार काळी पाचमध्ये चालतात, काम दहा सेकंदांचं. पण कॅपो म्हणजे शिकाऊपणा, अशी ब्लूज गिटारवाल्यांत समजूत आहे. त्यामुळे वयाने मोठा ट्रम्पेटवाला 'बाब, पट्टी कोणती?' असं विचारतो, तरुण गिटारवाला 'ई' म्हणतो आणि लगेच मोजायला लागतो. म्हातारा ट्रम्पेट मांडीवर ठेवून बसून राहतो. माउथ ऑर्गनवाला पिशवीत हात घालून 'ए'चा शोधतो ('ई'तल्या ब्लूजला तोच लागतो) आणि त्याला 'जी'चा सापडतो. तोवर सव्वानऊ वाजलेले असतात, आणि यादीवर अजून सहा नावं.