रातपाळी: बाईवरच्या बंदीपासून कामगाराच्या संरक्षणापर्यंत

नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या आयटी कंपन्यांच्या गाड्या रात्री मुलींना घरी सोडताना दिसतात. त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांची कायद्याची वाटचाल आहे.

नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा देशात कारखाना कायदाच नव्हता. १८८१ चा पहिला कायदा मुलांपुरता होता. १८९१ मध्ये बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा मिळाली आणि रात्री आठ ते पहाटे पाच काम बंद झालं. मंजूर पाळ्या चालवणाऱ्या गिरण्यांना मात्र सूट होती. या सुधारणेमागे कळकळ होती, तसा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. इथल्या गिरण्यांचे लांबलचक तास त्यांना खुपत होते.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बायकांच्या रात्रकामाविरुद्ध करार केला, तो भारताने १९२१ मध्ये स्वीकारला. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम ६६ ने बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच वेळ ठेवली. राज्याला ती थोडी वाढवता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच बंदीच. अपवाद मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांचा, कारण कच्चा माल नासला असता. माल वाचवायला बाईची रात्र चालत होती. तिला स्वतःला जास्त मजुरी हवी असेल तर चालत नव्हती. शिवाय दवाखाने या कायद्यात नव्हतेच. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या नर्स नाइट ड्युटी करतच होत्या, आणि त्या कशा घरी पोचतात हे कलम ६६ ने कधी विचारलं नाही.

जागरणाने पुरुषाचीही झोप मोडते, पचन बिघडतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच १९९० च्या करार क्रमांक १७१ ने हे मान्य केलं: रात्री काम करणाऱ्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, आरोग्य तपासणी, प्रथमोपचार, तब्येतीला रात्र झेपत नसेल तर शक्यतो दुसरं काम. गरोदर आणि बाळंतिणींसाठी वेगळी तरतूद राहिली, ती योग्यच. पुढच्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने फ्रान्समधली फक्त बायकांवरची बंदी समानतेच्या विरुद्ध ठरवली.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये कलम ६६ मधली बंदी घटनाबाह्य ठरवली आणि सुरक्षिततेच्या अटी घातल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करायला मुभा दिली. सन्मान, लैंगिक छळापासून संरक्षण आणि वाहतूक ही जबाबदारी मालकाची. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने देशभर हाच मार्ग धरला. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

बंदी गेली, हे चांगलंच झालं. पण रातपाळीसाठी संमती विचारायची ती अजून बाईलाच. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या पुरुष कामगाराला तो हक्क संहितेतल्या या तरतुदीने दिलेला नाही, आणि करार क्रमांक १७१ वर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.