इनबॉक्स पुन्हा पुन्हा का तुंबतो?

चवथीची सुट्टी संपवून कार्यालयात परतलं की पहिला दिवस ईमेल उपसण्यात जातो. इनबॉक्स रिकामा होतो आणि पाहता पाहता पहिल्यासारखाच भरतो. यात आळसाचा भाग थोडा, गणिताचा जास्त.

पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती जण असतील? ठरावीक वेळात येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाला थांबावा लागणारा वेळ. गोव्यात रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी उभ्या गाड्यांना तो लागू पडतो, तसाच ईमेललाही. समजा, कळंगुटच्या एखाद्या हॉटेलच्या आरक्षण कक्षाकडे उत्तर द्यावंच लागेल अशी दिवसाला ६० ईमेल येतात आणि प्रत्येकाचा निकाल लागायला सरासरी २ दिवस जातात. म्हणजे १२० ईमेल कायम पडून. एक दिवस जादा बसून ती संपवली, तरी ६० आणि २ हे आकडे बदलले नाहीत तर १२० परत येणारच.

त्यात हाताळणारा एकटा असेल आणि ईमेल अनियमित येत असतील, तर रांगांच्या सर्वांत साध्या गणितानुसार तो ८० टक्के वेळ कामात असताना सरासरी ४ कामं साचलेली असतात. ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९! डिसेंबरात चौकशा थोड्याच वाढतात, पण कक्षाचा श्वास कोंडतो तो यामुळे.

तेव्हा आधी आवक कमी करायची. जीमेलमध्ये नको असलेलं ईमेल उघडून तीन टिंबांवर टिचकी मारा, ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडा, मग इनबॉक्स टाळण्याची आणि लेबल लावण्याची खूण करा. जुळणाऱ्या जुन्या ईमेललाही फिल्टर लावण्याची चौकट शेवटी असते. ती बहुतेक जण विसरतात आणि जुना ढीग तसाच राहतो. बँक किंवा जीएसटीच्या बाबतीत पत्त्यावरून सरसकट फिल्टर लावू नका. विषयातले शब्दही जोडा, नाहीतर जाहिरातीबरोबर नोटीसही नजरेआड होईल.

फक्त माहितीसाठी, म्हणजे सीसीमध्ये, आलेली ईमेल आउटलुकच्या रूलने वेगळी काढता येतात: ‘टू’मध्ये माझं नाव नसेल तर दुसऱ्या फोल्डरमध्ये. इथे एक खाच आहे. कक्षाच्या सामायिक पत्त्यावर आलेल्या ईमेलमध्येही तुमचं नाव नसतं. तो पत्ता अपवादात घातला नाही, तर ग्राहकांची पत्रं त्याच फोल्डरमध्ये गडप होतील.

आता दुसरा आकडा, थांबण्याचा वेळ. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या १२४ जणांवरच्या प्रयोगात (२०१५) दिवसातून तीनदाच ईमेल पाहण्याच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी आढळला. आरक्षणाच्या टेबलावर हे जसंच्या तसं चालणार नाही, तिथे तासाभरात उत्तर गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. चौकशीच्या ईमेलपुरती सूचना चालू ठेवा, बाकीची बंद. आणि सामायिक पेटीवर दर पाळीला एकाच माणसाचं नाव लावा. दोघं वाचतात तेव्हा उत्तर दुसऱ्याने दिलं असेल असं दोघांनाही वाटतं.

फोल्डरांची उतरंड मात्र रचत बसू नका. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ साली ३४५ जणांच्या सवयी तपासल्या. जुनं ईमेल फोल्डरांतून शोधायला सरासरी ५८ सेकंद लागत होते, शोधचौकटीतून १७, आणि फोल्डरवाल्यांना यशही जास्त मिळत नव्हतं. काम संपलेलं ईमेल सरळ अर्काइव्ह करावं, म्हणजे ते इनबॉक्समधून हटतं पण शोधल्यावर सापडतं.

जागेचा प्रश्न निराळा. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी मिळतात, त्यात ड्राइव्ह आणि फोटोही आले. ती भरली की नवी ईमेल येणं थांबू शकतं. शिवाय जोडलेली फाइल पाठवताना दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून १५ एमबीची पीडीएफ साधारण २० एमबी होऊन निघते. शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या फिल्टरमध्ये १० एमबीहून मोठी ईमेल मागवा, हवी ती उतरवून घ्या, बाकीची काढा. मग ट्रॅशही रिकामं करा. तसं केलं नाही तर ती ३० दिवस तिथे राहून जागा अडवतात.