‘हे अजून वाद्यंच जुळवतायत का?’

मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. जॅझ ऐकणाऱ्यांचा मेंदू इतरांपेक्षा तल्लख असतो म्हणे, आणि ते शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कुठल्या शास्त्रज्ञांनी, कधी, किती माणसांवर, याचा पत्ता नाही. माझ्या एका मित्राला मी तो वाचून दाखवला आणि दोघंही हसलो. कारण याच मित्राला मी एकदा मोठ्या हौसेने सॅक्सोफोन ऐकवला होता. चार मिनिटं त्याने सभ्यपणे दम धरला आणि मग विचारलं, “हे अजून वाद्यंच जुळवतायत का?”

फॉरवर्डच्या हिशेबाने तो मठ्ठ. प्रत्यक्षात बुद्धिबळात मी त्याच्याशी एकही डाव जिंकलेलो नाही.

संगीताने बुद्धी वाढवण्याचा हा धंदा जुनाच आहे. 1993 साली 36 विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवून एक छोटा प्रयोग झाला. आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांची थोडी प्रगती दिसली आणि दहा-पंधरा मिनिटांत विरूनही गेली. तेवढ्यावरून 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीत देण्यासाठी 1,05,000 डॉलर मागितले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी संगीताऐवजी गोष्ट ऐकवून पाहिली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांना गोष्टीनेही तोच फायदा झाला. मन प्रसन्न असलं की कोडी जरा बरी सुटतात, इतकंच. तेव्हा जॅझ आवडणं हे हुशारीचं प्रमाणपत्र नाही, आणि न आवडणं हा दोषही नाही.

मग इतका तिटकारा येतो कुठून? पहिला संशय कानावर जातो. 440 आणि 466 हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) हे लगतचे दोन सूर एकदम वाजले, की त्यांच्या लहरी सेकंदाला 26 वेळा एकमेकींना उचलतात आणि पाडतात. कानातल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, या दोन सुरांच्या जागा इतक्या जवळ आहेत की ते वेगळे पडत नाहीत. ऐकू येते ती खरखर. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा गुच्छ; जॅझच्या कॉर्डमध्ये नेहमीच्या तीन सुरांवर आणखी दोन-तीन चढवलेले असतात, त्यामुळे अशी घासाघीस जास्त. माणसाच्या किंकाळीतही आवाज सेकंदाला 30 ते 150 वेळा हेलकावतो आणि तो मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाला, अमिग्डालाला, थेट जागं करतो.

पण एवढ्याने भागत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य संगीताचा फारसा संपर्क नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना गोड मानल्या जाणाऱ्या आणि कर्कश मानल्या जाणाऱ्या कॉर्ड ऐकवल्या. खरखर त्यांनाही नकोशी वाटली, पण कॉर्ड मात्र दोन्ही प्रकारच्या त्यांना सारख्याच आवडल्या. म्हणजे ‘बेसूर’ या शिक्क्यातला बराचसा भाग सवयीचा.

सवय म्हणजे नेमकं काय, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. इथे जरा आकडेमोड आहे, सांभाळून घ्या.

मेंदू गाणं नुसतं ऐकत नाही, पुढचा सूर कुठला येणार याची सतत पैज लावत असतो. या पैजेसाठी त्याच्याकडे एक वही असते: कशानंतर काय, किती वेळा आलं. ही वही आपण नकळत भरतो. आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली, तरी कुठल्या अक्षरामागून कुठलं येतं हे त्यांनी टिपलं होतं. हा 1996 चा प्रयोग. गाण्यांचंही तसंच. वीस-तीस वर्षं चित्रपटगीतं किंवा पॉप ऐकलेल्या माणसाची वही गच्च भरलेली असते, पण त्याच गाण्यांनी.

आता धक्का मोजू. गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 साली त्याचं माप दिलं, बिट: घटना जितकी दुर्मीळ, तितके बिट जास्त. दोनात एक शक्यता असेल तर 1 बिट, आठात एक असेल तर 3 बिट, हजारात एक असेल तर जवळपास 10.

समजा एका कॉर्डनंतर आठपैकी सात वेळा ‘क’ येते आणि एकदाच ‘ख’. या वेळी ‘ख’ आली. धक्का 3 बिटांचा. आता दुसरी परिस्थिती घ्या. आठ कॉर्ड आहेत, आठही सारख्याच शक्यतेच्या, आणि त्यातली ‘ख’ आली. धक्का पुन्हा 3 बिटांचाच. आकडा तोच, अनुभव मात्र पार वेगळा! पहिल्या वेळी तुम्ही छातीठोकपणे पैज लावली होती आणि वादकाने तुम्हाला फसवलं. दुसऱ्या वेळी पैज लावण्याजोगं काही नव्हतंच. धक्का बसण्याआधीच्या या अनिश्चिततेलाही माप आहे, एन्ट्रॉपी. पहिल्या परिस्थितीत ती साधारण 0.54 बिट निघते, दुसरीत पूर्ण 3. (गणित डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या, एवढं लक्षात ठेवा: धक्का वेगळा आणि धक्क्याआधीची खात्री वेगळी.)

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हेच तपासलं. 745 गाजलेल्या अमेरिकन पॉप गाण्यांतल्या सुमारे 80,000 कॉर्ड संगणकाला शिकवल्या आणि प्रत्येक कॉर्डचा धक्का व त्याआधीची अनिश्चितता काढली. मग शब्द आणि चाल काढून टाकून नुसत्या कॉर्ड 39 जणांना ऐकवल्या, म्हणजे गाणं ओळखीचं असल्याचा आनंद मधे यायला नको. पुढे काय येणार याची खात्री असताना बसलेला धक्का लोकांना आवडला. खात्री नसताना अपेक्षित तेच आलं, तेही आवडलं. नावडलं ते तिसरंच: काही कळत नसताना वरून धक्का.

तो प्रयोग पॉपच्या कॉर्डवरचा होता, जॅझपर्यंत मी तो माझ्या तर्काने नेतोय. पण माझा मित्र नेमका त्याच तिसऱ्या कोपऱ्यात बसला होता, असं मला वाटतं. जॅझची पानं त्याच्या वहीत कोरी. त्यामुळे प्रत्येक क्षणी अनिश्चितता अधिक, आणि प्रत्येक क्षणी धक्काही. मी तीच फीत ऐकत होतो, पण माझ्या वहीत ‘क’ लिहिलेली होती. ‘ख’ आली की मला गंमत वाटत होती.

धक्क्यांचा वेगही बघा. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 1959 साली ध्वनिमुद्रित झालेली ‘जायंट स्टेप्स’ घ्या. 16 बारांत (एक बार म्हणजे इथे चार ठोके) 26 कॉर्ड आणि मिनिटाला जवळजवळ 290 ठोके. म्हणजे एक आवर्तन तेरा-साडेतेरा सेकंदांत संपतं आणि सरासरी दर अर्ध्या सेकंदाला कॉर्ड बदलते. त्यात पट्टी तीन ठिकाणी फिरत राहते, ‘सा’ जागेवर थांबतच नाही. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता, चांगला मुरलेला वादक. त्याची पाळी येते तेव्हा तो अडखळतो, सूर विरळ होतात आणि शेवटी तो नुसत्या कॉर्डवर येतो. ध्वनिमुद्रणात हे स्वच्छ ऐकू येतं. जिथे त्याची वही अपुरी पडली, तिथे नवख्या श्रोत्याने काय करावं?

नाकं मुरडणारे जॅझच्या बाहेरचेच होते असंही नाही. 1940 च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी या वादकांनी बीबॉप हा जॅझचा नवा, वेगवान प्रकार आणला, तेव्हा त्याला उघड नावं ठेवणाऱ्यांत जॅझचा जुना दिग्गज खुद्द लुई आर्मस्ट्राँग होता. त्याची वही तर जॅझनेच भरलेली, फक्त आधीच्या पिढीच्या.

काही थोड्या लोकांना कुठलंच संगीत सुख देत नाही, पण तो मामला वेगळा. आणि जॅझ ऐकणाऱ्यांचा आव बघूनच ज्यांना जॅझ नको होतो, त्यांच्याबद्दल विज्ञानाने काही बोलण्याची गरज नाही.

मित्रावर मी परवा पुन्हा प्रयोग केला. या वेळी आधी एक गोष्ट सांगितली, जी मागच्या वेळी सांगायला हवी होती. पुष्कळशा जॅझ रचनांत सुरुवातीला एक चाल वाजते, बहुतेक 32 बारांची: एक तुकडा दोनदा, मग वेगळा तुकडा, मग परत पहिला. त्यानंतर वादक जे काही आयत्या वेळी रचतो, ते त्याच कॉर्डच्या आवर्तनावर. वर कितीही धुमाकूळ चालला तरी खाली तेच चक्र फिरत असतं. मिनिटाला 160 ठोके असतील तर 48 सेकंदांत एक फेरी. “तू सॅक्सोफोनकडे लक्षच देऊ नकोस,” मी म्हटलं, “मूळ चाल मनात गुणगुणत राहा.”

हेडफोन लावून तो डोळे मिटून बसला. पहिल्या फेरीत हरवला, ते त्याच्या कपाळावरच दिसलं. दुसरीत ओठ हलायला लागले. तिसऱ्या फेरीत वेगळा तुकडा आला, बरोबर त्या ठोक्याला त्याने बोट वर केलं आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

“कळलं,” तो म्हणाला. “पण हा मधेच किंचाळतो कशाला?”

मी सांगितलं, ते मुद्दाम असतं. फुंकताना वादक घशातूनही एक सूर लावतो, दोन सूर एकमेकांवर घासतात आणि खरखर होते.

“मुद्दाम?” असं म्हणून त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.