जुन्या बुलेटचा काटा काय सांगतो

ऑगस्टातली संध्याकाळ होती. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. वाडा कुंभरोशी मागे पडलं, धुकं दाटून आलं आणि डावीकडच्या एका आखूड वळणावर इंजिनाचा आवाज एकदम गेला. आचके नाहीत, घरघर नाही, कुणी चावी फिरवावी तसा गेला. हेडलाइट मात्र चालूच. गाडी गिअरमध्ये, उताराने चाललेली. वळण संपून हँडल सरळ झालं तसा सायलेन्सरमध्ये जोराचा फटाका वाजला आणि इंजिन पुन्हा धडधडू लागलं. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच.

माझी गाडी म्हणजे पॉइंटवाली ३५० सीसी बुलेट, १२ व्होल्टची; ठिणगीचा करंट उघडमीट करणाऱ्या धातूच्या ठिपक्यांनी तोडणारी. अशा जुन्या गाड्या चालवणाऱ्यांना पंक्चरची भीती नसते, चेन तुटण्याचीही फारशी नसते. करंटची असते. दिसत नाही, वास येत नाही, आवाज नाही, मग शोधायचं कुठे? पण जुन्या बुलेटवर हेडलाइटच्या वरच एक छोटी तबकडी असते, तिच्यात मध्यभागी शून्य आणि दोन्हीकडे झुकणारा काटा. तो अ‍ॅमीटर. बॅटरीतून करंट बाहेर चालला की काटा वजाकडे, बॅटरीत भरला जात असला की अधिककडे. वाटेत गाडी बंद पडली तर अर्धं निदान हा काटाच करतो. वाचता मात्र यायला हवा, आणि त्यासाठी इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी प्लगमध्ये कशी पडते ते आधी समजून घ्यायला हवं.

बॅटरीचे १२ व्होल्ट ठिणगीला अगदीच अपुरे. प्लगच्या टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट असते. दाबलेल्या वायूतून ती ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते कॉइल पुरवते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकात जाड तारेचे काहीशे वेढे, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो. जाड वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर करंट वाहतो तेव्हा गाभ्यात चुंबकत्व साठतं. हा करंट अचानक तोडला की चुंबकत्व कोसळतं, आणि बदलतं चुंबकत्व तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) निर्माण करतं, हा मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम इथे कामाला येतो. जाड वेटोळ्यात दोन-तीनशे व्होल्ट उठतात आणि बारीक वेटोळ्यात त्याच्या कितीतरी पट, पंधरा-वीस हजारांपर्यंत. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास मोटारींसाठी ही रचना बसवली. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये मुळात तीच आहे.

करंट तोडण्याचं काम पॉइंटचं. धातूचे दोन छोटे ठिपके, एक फिरता उंचवटा त्यांना उघडतो आणि स्प्रिंग मिटवते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर इंजिन असेल तर सेकंदाला २५ वेळा. कॉइलमधून वाहणारा करंट मात्र असा सहजी थांबत नाही. पाटाच्या भरधाव पाण्यापुढे एकदम फळी टाकली की पाणी उसळून वरून जातं, तसा तो उघडणाऱ्या ठिपक्यांमधून ठिणगी मारून पलीकडे जाऊ बघतो. तेवढ्याने पॉइंट जळतात आणि करंट झटकन न तुटल्यामुळे प्लगची ठिणगीही मरते. म्हणून शेजारी कंडेन्सर लावतात, उसळलेलं पाणी घेणाऱ्या बाजूच्या खड्ड्यासारखा. करंगळीच्या पेराएवढी ही डबी आजारी पडली की प्लगवर निळसर कडक ठिणगीऐवजी पिवळी, मलूल ठिणगी दिसते आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनच ठोका चुकवते.

आता काट्याकडे या. लाइट बंद करून चावी लावा आणि किक हाताने हळूहळू दाबा. पॉइंट मिटलेले असतील तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो, काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा शून्यावर येतो. जुने बुलेटवाले किक मारण्याआधी डिकंप (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी दांडी) दाबून हेच बघतात. काटा मध्यावर आला की पिस्टन वरच्या टोकाशी आहे, आता मारा. बहुतेकांना एवढाच उपयोग माहीत असतो. पण काट्याचं हे वजाकडे जाणं आणि परत येणं म्हणजे ठिणगीची पहिली अर्धी बाजू धडधाकट असल्याचा पुरावा असतो.

किक दाबताना काटा शून्यावरच ठाम राहिला, तर कॉइलपर्यंतचा रस्ता कुठेतरी तुटला आहे. आधी हॉर्न वाजवून बघा. हॉर्नही मुका असेल तर फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची तार तपासा. अर्थिंग लोक विसरतातच. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला बॅटरीत परतही यावं लागतं, आणि परतीची वाट गाडीच्या लोखंडातून असते. रंगाखाली गंजलेला एक बोल्ट ती वाट अडवतो. हॉर्न खणखणीत वाजत असेल तर बॅटरी निर्दोष आहे, दोष चावीपासून पॉइंटपर्यंतच्या फांदीत आहे. बऱ्याचदा पॉइंटवर तेलाचा पापुद्रा बसलेला असतो, आणि कोरड्या जाडसर कागदाची पट्टी दोन ठिपक्यांमधून ओढली की गाडी चालू होते.

काटा वजाकडे गेला आणि किक फिरवली तरी तिथेच अडकला, तर पॉइंट उघडत नाहीत. उंचवट्यावर घासणारी टाच झिजते आणि फट मिटते. ही फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर लागते. वाटेत मापपट्टी नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्डावर वेळ भागते. फट ठीक असूनही काटा अडकत असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो आतून शॉर्ट झाला की पॉइंट उघडे असले तरी करंट त्याच्यातून वाहत राहतो.

आणि काटा नीट झुलतो, तरी ठिणगी नाही? मग दोष कॉइलच्या बारीक वेटोळ्यात, प्लगच्या जाड वायरीत, टोपीत किंवा प्लगमध्ये. पावसात टोपीखाली साचलेलं पाणी हे मला सर्वांत जास्त वेळा भेटलेलं कारण. हजारो व्होल्टना प्लगच्या आतली फट ओलांडण्यापेक्षा बाहेरच्या ओल्या पृष्ठभागावरून पळणं सोपं जातं.

काटा वजाच्या टोकाला जाऊन आपटला तर मात्र विचार करत बसू नका, चावी बंद करा. कुठेतरी थेट शॉर्ट आहे. बारा व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत, पण छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये क्षणभर शंभर अँपिअर ओतू शकते, आणि वायरचं आवरण पेट घेतं ते पेट्रोलच्या टाकीखालीच. फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारी माणसं मी पाहिली आहेत. कळकळीने सांगतो, हे करू नका. फ्यूज वितळला म्हणजे त्याने तुमची गाडी वाचवली आहे.

घाटात मी डोंगराच्या बाजूला, वळणापासून लांब, जागा बघून थांबलो. पेट्रोल कमी पडलं असतं तर इंजिन आचके देत मेलं असतं आणि असं फटाक्यासरशी जिवंत झालं नसतं. तो फटाका म्हणजे ठिणगीविना सायलेन्सरमध्ये साठलेलं, न जळलेलं पेट्रोल. सातारा सोडल्यापासून सरळ रस्त्यावर एकदाही त्रास नव्हता, कारण सरळ रस्त्यावर हँडल जेमतेम हलतं. गाडी स्टँडवर घेतली, लाइट बंद केला, चावी लावली, काटा वजाकडे जाईपर्यंत किक दाबली आणि हँडल हळूच डावीकडे वळवलं. काटा शून्यावर पडला. सरळ केलं, काटा परत वजाकडे.

बुलेटची चावी आणि अ‍ॅमीटर हेडलाइटच्या डोक्यात असतात, कॉइल मागे. म्हणजे कॉइलची वायर हँडलच्या मानेपाशी प्रत्येक वळणाला वाकते. टॉर्च तोंडात धरून एकेक वायर चिमटीत वाकवत गेलो. एका वायरीवर, माझ्याही आधी कुणीतरी जोड देऊन टेप गुंडाळला होता. टेप चिकट, पण अखंड. सोलला तर आतल्या तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या, आणि जुडग्यातल्या जेमतेम दोन एकमेकींना टेकून होत्या. तांबं मऊ असतं, पण तेच तेच वाकवलं की कडक होतं आणि एकेक तार तुटते. वरचं प्लास्टिक तसंच राहतं, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. जोडावर ओल शिरली की तांबं हिरवं पडतं, आणि तो थर करंट नीट जाऊ देत नाही.

हा हिरवा थर पूर्ण तुटण्यापेक्षा फसवा. समजा हेडलाइटच्या ३५ वॅटच्या दिव्याला तीन अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि वाटेतल्या जोडाने अर्धा ओहम अडथळा केला. सव्वा-दीड व्होल्ट तिथेच संपतात. तेवढ्याने प्रकाश सुमारे एक तृतीयांश घटतो, कारण तापलेल्या तारेचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. हरवलेली शक्ती त्या जोडात उष्णता बनते आणि प्लास्टिक मऊ पडतं. हेडलाइट पिवळट वाटला तर नवा बल्ब आणण्याआधी मागचं सॉकेट हाताला गरम लागतं का बघावं. आणि चालत्या गाडीवर दिवा अचानक गेला तर अंगठा आपोआप डिपरवर जायला हवा. बल्बमध्ये दोन तारा असतात, एक तुटली तरी दुसरी बहुधा शाबूत असते.

उन्हाळ्यातला दोष वेगळा. गाडी तासभर चालते, बंद पडते, चहा पिऊन आलं की चालू. तापल्यावर कॉइलमधल्या तारांवरचा कमकुवत झालेला लेप दगा देतो, थंड झाला की सावरतो. शिवाय तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या कॉइलमध्ये चोवीस टक्क्यांनी. इंजिन बंद असताना चावी लावून ठेवली आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर कॉइल चाळीसेक वॅटच्या शेगडीसारखी तापत बसते. कॉइल जाळण्याचा हा खात्रीचा मार्ग.

चार्जिंग गेलं तर काटा वेग वाढवूनही वजाकडेच राहतो. तेव्हा लगेच लाइट बंद करायचा, अर्थात दिवसा. १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या दुचाकींवर हेडलाइट आपोआप चालू राहतो, जुन्या गाडीवर बटण आपल्या हाती आहे. पाच अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीवर दिवा आणि ठिणगी मिळून तासभर निघणं कठीण, पण नुसती ठिणगी दोनेक तास निघू शकते. तेवढ्यात घाट उतरून गाव गाठता येतं.

त्या संध्याकाळी मी जोड कापून टाकला, तारा चाकूने घासून लख्ख केल्या, सोबत ठेवलेल्या वायरचा वीतभर तुकडा मध्ये घालून घट्ट पिळला आणि टेप लावला. पोलादपूरपर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही. घरी आल्यावर ती वायर सलग बदलली. डाग देऊन (सोल्डरने) जोडली नाही. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला तार पुन्हा वाकून तुटते. टोकांना दाबून बसवलेले सॉकेट लावले आणि मानेपाशी वायरीला दोन बोटं सैल झोळ ठेवला. आता लांब निघण्याआधी चावी लावून काटा वजाकडे आणतो आणि हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवतो. काटा हलला नाही की किक मारतो.