धारिष्ट

धारिष्ट : भय किंवा संकोच बाजूला सारून एखादी गोष्ट करण्याची मनाची तयारी. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी असून त्याच्या व्युत्पत्तीचे दोन मार्ग संभवतात. पहिल्यानुसार तो 'धृष्' (धजणे, हल्ला करणे) या धातूपासून बनलेल्या 'धार्ष्ट्य' या संस्कृत नामावरून आला. दुसऱ्यानुसार त्याचा संबंध 'धृ' (धरणे) या धातूशी, म्हणजे 'धैर्य'च्या कुळाशी आहे. ध्वनिदृष्ट्या पहिला मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. कारण रेफ ('र') आणि ऊष्मवर्ण (श, ष, स, ह) यांच्यामध्ये 'इ' शिरण्याची प्रवृत्ती 'हर्ष' > 'हरिख' आणि 'वर्ष' > 'वरीस' यांतही दिसते आणि अंत्य 'य' गळणे 'दारिद्र्य' > 'दारिद्र' याप्रमाणेच आहे.

अडचण अर्थाची आहे. संस्कृतात 'धृष्ट' म्हणजे बहुधा निर्लज्ज. धनंजयाच्या 'दशरूपक' (सु. दहावे शतक) या नाट्यशास्त्रविषयक ग्रंथातील धृष्ट नायक परस्त्रीसंगाच्या खुणा अंगावर उघड दिसत असतानाही पत्नीसमोर उभा राहतो. याउलट समर्थ रामदासांच्या (1608–1681) 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें । मना बोलणें नीच सोशीत जावें' या ओळींत धारिष्ट म्हणजे दुसऱ्याचे कठोर बोल सोसण्याचे बळ. येथे 'धैर्य'च्या अर्थाची छाया पडली असावी. मात्र तेवढ्यावरून शब्दच 'धृ'पासून आला असे मानण्याची गरज नाही. शिवाय 'धृष्' हा धातू मुळात निंदाव्यंजक नव्हता: ऋग्वेदात 'धृष्णु' हे इंद्राचे विशेषण आहे आणि इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात (सु. इ. स. पू. 520) याच धातूचे प्राचीन फारसी रूप 'धजणे' या अर्थी आले आहे.

'धृष्ट'पासूनच प्राकृत 'धिट्ठ' आणि त्यावरून मराठी 'धीट' आला. जैन पंडित हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (बारावे शतक) 'धिट्ठ' आणि 'धट्ठ' अशी दोन्ही रूपे नोंदलेली आहेत. मराठीत 'धीट' मुलीचे कौतुक होते, तर हिंदीतील 'ढीठ' हा शब्द बहुधा दूषणच राहिला.

आजच्या मराठीत 'वडिलांपुढे बोलण्याचे धारिष्ट त्याला झाले नाही' आणि 'वडिलांना उलट बोलण्याचे धार्ष्ट्य त्याने केले' असे दोन वेगळे प्रयोग रूढ आहेत. धारिष्ट बहुधा 'होते', धार्ष्ट्य 'केले जाते'. 'धारिष्ट्य' हे लेखनात आढळणारे रूप या दोहोंच्या मिश्रणातून आलेले दिसते.