परक्या घरात शिकलेलं स्पॅनिश

स्पॅनिश शिकायला स्पेनमध्ये गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ही माणसं फार भरभर बोलतात. वर्गात क्रियापदं घोकून, परीक्षेत चांगले गुण मिळवूनही यजमान कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्या रात्री हाती लागतात ते 'सी' (हो), 'नो' (नाही) आणि एखादं ओळखीचं नाव.

तक्रार खोटी नाही. फ्रान्समधल्या फ्रान्स्वा पेलेग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली वेगवेगळ्या भाषांचा बोलण्याचा वेग मोजला. इंग्रजी बोलणारे सेकंदाला साधारण ६.२ अक्षरं उच्चारत होते, तर स्पॅनिश बोलणारे ७.८. गंमत अशी की स्पॅनिशच्या एका अक्षरात इंग्रजीपेक्षा कमी माहिती मावते, त्यामुळे सेकंदाला पोहोचणारी माहिती दोन्हीकडे जवळपास सारखीच भरते. म्हणजे यजमानीणबाईंना घाई नसते, त्यांची भाषाच तशी चालते. त्यात स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. 'लोस ओत्रोस आमीगोस' हे कानाला 'लोसोत्रोसामीगोस' असं ऐकू येतं. वहीत शब्दांमध्ये असलेली मोकळी जागा बोलण्यात नसतेच, आणि ती जागा कुठे मानायची हे मेंदूला हजारो वाक्यं ऐकूनच कळतं. घरात राहण्याचा पहिला फायदा हा असा, कानाचा.

जिभेचं काय होतं, हे पाहण्यासाठी २००४ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवावेत. दोन्हींत एक गट स्पेनमधल्या आलिकांते शहरात सत्रभर शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा, आणि दुसरा अमेरिकेतच राहून शिकणाऱ्यांचा. नॉर्मन सेगालोविट्झ आणि बार्बरा फ्रीड यांनी बोलण्यातला ओघ मोजला: किती वेगाने बोलतात, न अडखळता किती लांब जातात. इथे परदेशी गेलेले पुढे निघाले. जोसेफ कोलेन्टाइन यांनी व्याकरण तपासलं, तर ठरावीक नियमांच्या अचूकतेत अमेरिकेत राहून शिकलेले सरस ठरले. परदेशी गेलेल्यांची सरशी झाली ती प्रसंग सांगण्यात, थोडक्यात जास्त माहिती भरण्यात.

मला हा निकाल अगदी स्वाभाविक वाटतो. 'मी काल बाजारात जातो' असं कुणी म्हणालं तरी आपल्याला कळतं, आणि आपण 'काय आणलंस?' असं विचारून पुढे जातो. चूक दुरुस्त करायला जेवणारा माणूस थोडाच थांबतो! टेबलावर बक्षीस मिळतं ते वेळेत बोलण्याला. तुम्ही क्रियापदाचं रूप शोधेपर्यंत विषय फुटबॉलवर गेलेला असतो. म्हणून शब्द शोधण्याचं काम आपोआप व्हायला लागतं, आणि रूपं मात्र कच्चीच राहू शकतात.

याहून नवलाचा प्रयोग जॅरेड लिंक, जुडिथ क्रोल आणि ग्रेचेन संडरमन यांचा, २००९ सालचा. स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांना एखादा वर्ग दिला, समजा प्राणी, आणि अर्ध्या मिनिटात सुचतील तेवढी नावं सांगायला लावली. स्पॅनिशमध्ये त्यांनी मायदेशी शिकणाऱ्यांपेक्षा जास्त नावं सांगितली, यात आश्चर्य नाही. पण इंग्रजीत, म्हणजे जन्मापासून बोलत आलेल्या भाषेत, त्यांना कमी नावं सुचली. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की नव्या भाषेला वाट मिळावी म्हणून मेंदू मातृभाषा दाबून धरतो. ती पुसली जात नाही. परतल्यावर सहा महिन्यांनी काहींची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा इंग्रजी पूर्ववत झालेली होती. परदेशी राहून आलेला मुलगा आपल्याच भाषेत अडखळतो तेव्हा त्याची थट्टा होते, पण तो दर वेळी नाटक करत असतो असं नाही.

दाबून धरायला सतत दाब हवा, आणि तो घरात राहिल्याने आपसूक मिळतो अशी आपली समजूत. विल्यम रिव्हर्स यांनी १९९८ साली रशियात शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तर बोलण्यात कुटुंबात राहणाऱ्यांची प्रगती वसतिगृहातल्या मुलांपेक्षा कमी निघाली. वाचनात मात्र ते पुढे होते. भाषा रशियन असली तरी कारणं कुठल्याही घरात सापडावीत. रोजचं संभाषण पटकन साच्यात बसतं: भूक लागली का, उशिरा येणार का, दार नीट लाव. यजमान दयाळू असतील तर सोपं करून बोलतात, आणि विद्यार्थी जेवण उरकून खोलीत जातो. फ्रेंच शिकणाऱ्यांवरच्या २००४ सालच्याच एका अभ्यासात, अमेरिकेतच राहून पण फक्त फ्रेंच बोलण्याच्या बंधनात शिकलेल्यांचा ओघ फ्रान्सला गेलेल्यांपेक्षा जास्त सुधारला, कारण फ्रान्सला गेलेले वर्गाबाहेर इंग्रजीच जास्त बोलत होते. तेव्हा खिशात स्मार्टफोनही नव्हता.

दुसरीकडे, काही गोष्टी घर आणि गल्ली सोडून कुठे शिकता येणं कठीण आहे. रेचल शाइव्हली यांनी स्पेनमधल्या तोलेदो शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना दुकानांतले स्वतःचे संवाद ध्वनिमुद्रित करायला सांगितलं. सुरुवातीला ते इंग्रजी वळणाने 'मला अमुक मिळू शकेल का' असं विचारत. हळूहळू 'मला अमुक देता का' अशा थाटात, समोरच्याला कर्ता करून मागू लागले. स्पेनमध्ये तेच सहज वाटतं. काहींना हे वर्गातल्या सूचनेतून कळलं, काहींना यजमानांकडून किंवा पुढच्या गिऱ्हाइकाचं ऐकून. कुठल्या देशातलं घर, हेही महत्त्वाचं. स्पेनमध्ये 'तू' सर्रास चालतं, अर्जेंटिनात त्याच्या जागी 'वोस' येतं, आणि कोलंबियाच्या काही भागांत घरच्या घरीही 'उस्तेद' हे आदरार्थी रूप वापरतात.

शाइव्हली यांचाच २०१३ सालचा अभ्यास एकाच विद्यार्थ्याच्या विनोदांवर आहे. स्पेनमधल्या सत्रात यजमान कुटुंबाशी आणि एका समवयस्काशी झालेल्या त्याच्या गप्पा त्यांनी तपासल्या. सुरुवातीला तो चेहरा सरळ ठेवून जे गमतीने म्हणे ते ऐकणाऱ्यांना खरंच वाटे, आणि विनोद फसे. महिने गेले तसे फसलेले विनोद कमी झाले. त्याची भाषा सुधारली हे त्याचं एक कारण. दुसरं असं की ऐकणाऱ्यांशी त्याची जवळीक वाढली होती, आणि हा कधी गंमत करतो हे त्यांना ओळखू येऊ लागलं होतं.