शॉर्ट-सर्किट म्हणजे नुसता वेग नव्हे

"अटींचा क्रम कसाही ठेव, कंपायलर हुशार असतो. शॉर्ट-सर्किट ही नुसती वेग वाढवायची युक्ती." रत्नागिरीकडे प्रोग्रामरांमध्ये सीनिअरकडून ज्युनिअरकडे हे वाक्य वर्षानुवर्षं सरकत आलंय. साफ चूक आहे. शॉर्ट-सर्किट म्हणजे पहिल्या अटीवरच निकाल लागला की पुढची अट न तपासणं; कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम.

हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव घ्या. प्रोग्रामला विचारायचंय: टोपल्या शून्याहून जास्त आहेत आणि एकूण रक्कम भागिले टोपल्या ५०० हून जास्त आहे का? वादळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, टोपल्या शून्य. सी भाषेत पहिली अट खोटी ठरली की दुसरी तपासलीच जात नाही. यात कंपायलरची मर्जी चालत नाही. डावीकडून सुरुवात करायची आणि निकाल लागला की थांबायचं, हा भाषेचाच नियम. १९८९ च्या प्रमाणकातही तो आहे. क्रम उलटा केलात तर थेट शून्याने भागाकार, आणि प्रोग्राम आडवा होऊ शकतो! 'किंवा' असेल तर पहिली अट खरी ठरताच काम थांबतं.

उजव्या अटीत पावती छापणारं फंक्शन घातलंत, तर पावती कधी निघेल, कधी नाही. (यात माझी अख्खी संध्याकाळ गेलीय.)

मात्र हा नियम सगळीकडे गृहीत धरू नका. व्हिज्युअल बेसिकचा साधा 'अँड' दोन्ही बाजू तपासतो. त्याच्या डॉटनेट आवृत्तीत शॉर्ट-सर्किटसाठी वेगळा 'अँडऑल्सो' आणावा लागला. जावात एकेरी अँपरसँड (&) लिहिलात तरी दोन्ही बाजू तपासल्या जातात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत, अटी लिहायच्या 'व्हेअर'मध्ये तर लिहिलेल्या क्रमाची हमीच नाही; तिथे शून्याला आधी 'नलइफ'ने (शून्याच्या जागी 'नल', म्हणजे रिकामी किंमत, देणाऱ्या फंक्शनने) गाठायचं.